शिरोली ते रत्नागिरी: खिडक्यांच्या दोन खेपांचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या, खिडक्या बनवणाऱ्या एका फॅब्रिकेटरकडून रत्नागिरीजवळ समुद्राच्या बाजूला चाललेल्या एका बंगल्याच्या कामासाठी २२ खिडक्या गेल्या. त्यातल्या ९ खोट घेऊन पोचल्या. फॅब्रिकेशनच्या मालकाचं म्हणणं होतं, ‘नऊ काचा फुटल्यात.’ प्रत्यक्षात काच फुटली होती फक्त दोन खिडक्यांची.

बाकीच्या सातांची यादी बघण्यासारखी होती. तीन सरकत्या खिडक्यांची शटर, म्हणजे सरकणारे पल्ले, चौकटीतल्या चौकटीत पुढं-मागं आपटून रोलर निसटले होते आणि लॉकची जीभ वाकली होती. दोन यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) चौकटींचे वेल्ड केलेले कोपरे चिरले होते, तेही केसाएवढे. बसवणाऱ्या पोरानं बोट फिरवलं म्हणून कळलं. एका ॲल्युमिनियम चौकटीचं पावडर कोटिंग दोरीनं वीतभर घासून गेलं होतं. आणि एका डबल ग्लास खिडकीत, बसवून महिनाही झाला नाही तोवर, दोन काचांच्या आत धुकं धरलं. फुटलेल्या दोनपैकी एक काच शेजारच्या खिडकीच्या हँडलनं फोडली होती. दुसरी टफन, म्हणजे तापवून कडक केलेली होती. तिची कड कुठंतरी लोखंडाला लागली असावी, कारण पुठ्ठा उघडल्यावर आत नुसता खडीसाखरेसारखा चुरा निघाला.

म्हणजे सहा वेगवेगळी दुखणी, आणि सगळ्यांना औषध एकच दिलेलं: भोवती पुठ्ठा, वर चिकटपट्टी आणि लाल अक्षरांत ‘काच आहे, सांभाळून’. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीपर्यंत या औषधानं वर्षानुवर्षं काम भागलं होतं. तिथं माल स्वतःच्या पिकअपमधून जायचा, सोबत स्वतःची बसवणारी माणसं असायची. हातातून हातात माल जात होता, तोवर पॅकिंग नावापुरतं असलं तरी चालत होतं. रत्नागिरीला माल पहिल्यांदाच परक्या हातात गेला.

परके हात म्हणजे किती, ते मोजायला पाहिजे. पार्ट लोडचा माल, म्हणजे पूर्ण गाडी न करता इतरांच्या मालासोबत जाणारा, कारखान्यातून छोट्या टेम्पोत चढतो, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला उतरतो, तिथून मोठ्या गाडीत इतर मालाच्या सोबत चढतो, रत्नागिरीच्या डेपोत उतरतो, पुन्हा छोट्या गाडीत चढतो आणि साइटवर उतरतो. चढउतार सहा वेळा, दर वेळी हमाल वेगळे. मोठ्या गाडीत शेजारी गुळाच्या ढेपा होत्या की कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडाचे गठ्ठे होते की फाउंड्रीचं कास्टिंग, हे कुणालाच सांगता आलं नाही. टफन काचेचा चुरा बघून मला कास्टिंगचा संशय आहे.

आता कागद. बिलावर बावीसही खिडक्यांपुढं एकच एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा वर्ग सांगणारा आकडा, ७६१०. बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, ट्रान्सपोर्टच्या कारकुनानं लिहिलं होतं, ‘फ्रेम, २२ नग’. काच हा शब्द बिल्टीवर नव्हता. मालाची किंमत लिहायची जागा कोरी. खाली ‘ओनर्स रिस्क’चा, म्हणजे जोखीम माल पाठवणाऱ्याची असा, शिक्का. भरपाईची गोष्ट काढल्यावर गोडाऊनवरचा माणूस शांतपणे म्हणाला, ‘अवो मालक, काच हाय म्हणून बिल्टीवर कुठं लिवलंय?’ त्याचं बोलणं मालकाला झोंबलं, पण त्या वाक्यात खोट काढता येत नव्हती.

धुकं धरलेल्या डबल ग्लासचं खापर मात्र घाटावर फुटलं. आंबा घाट उतरताना हवेचा दाब वाढला आणि सील गेलं, असं मालकाला कुणीतरी सांगितलं होतं. हा तर्क अगदीच वेडगळ नाही, म्हणून त्याचा हिशोब करून बघितला. डबल ग्लासच्या दोन काचांमधली हवा जिथं युनिट बनतं तिथल्या दाबाची असते. हे युनिट पुण्याकडून आलेलं. पुणं आणि कोल्हापूर दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. किनाऱ्यावर बाहेरचा दाब त्याहून सहा-साडेसहा टक्क्यांनी जास्त. काचा मोकळेपणी वाकल्या तर १२ मिलिमीटरची पोकळी सरासरी पाऊण मिलिमीटरनं कमी होईल. सव्वादोन चौरस मीटरच्या काचेला एवढं वाकणं म्हणजे काहीच नाही. लहान, अरुंद आणि जाड काचेचं युनिट असतं तर गोष्ट वेगळी होती. तशी काच वाकत नाही, मग सगळा ताण कडेच्या सीलवर येतो. महाबळेश्वरसारख्या उंचीवर माल पाठवणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा. तिथं काचा आत दबण्याऐवजी बाहेर फुगतात. इथं घाट निर्दोष होता.

खरं कारण कारखान्यातून माल निघतानाच्या एका फोटोत सापडलं. १२०० बाय २१०० मिलिमीटरची ती उभी खिडकी गाडीत आडवी, म्हणजे लांब कडेवर ठेवली होती. यूपीव्हीसी चौकटीत काच बसवताना तिच्या खाली दोन ठिकाणी प्लास्टिकचे पॅकर देतात, आणि काचेचं सगळं वजन त्या पॅकरवर असतं. ते असतात खालच्या आखूड बाजूला. खिडकी आडवी केली की वजन ज्या बाजूवर येतं तिथं पॅकरच नाहीत. गाडीच्या हादऱ्यांनी युनिट घसरलं आणि प्रोफाइलच्या आतल्या पायरीवर दोनपैकी एकच काच टेकली. ६ मिलिमीटरची काच चौरस मीटरला १५ किलो भरते. म्हणजे दुसरी तेहतीस किलोची काच सहा-सात तास नुसत्या सीलवर लोंबकळत होती. आतलं ब्युटाइल, म्हणजे सीलचा चिकट रबरी थर, सरकलं, कोकणातली दमट हवा आत शिरायला लागली, दोन काचांमधल्या स्पेसरच्या पट्टीतले ओल शोषणारे दाणे भरले आणि मग धुकं दिसलं. गाडीतून उतरताना हीच खिडकी ‘ओके’ म्हणून सही झालेली होती.

हा नग कशानं मरेल?

माझं मूळ काम फाउंड्रीच्या मालाच्या पेट्यांचं. कोल्हापुरात पॅकिंग म्हटलं की सुताराच्या डोक्यात कास्टिंगच येतं. जाड तळ, पाइनच्या फळ्या, गंज लागू नये म्हणून व्हीसीआय कागद आणि माल हलू नये म्हणून सगळीकडून घट्ट पाचरी. कास्टिंगचे शत्रू दोन, स्वतःचं वजन आणि गंज. खिडकीचं याच्या बरोबर उलट आहे. ती हलकी आहे, पसरट आहे, लवचिक आहे, आणि सगळीकडून घट्ट आवळली तर त्या आवळण्यानंच तुटते. मालकानं एका चांगल्या सुताराला विचारलं होतं. त्यानं दीड इंची फळ्यांची जी पेटी सुचवली तिच्यात पंप हाऊसिंग अमेरिकेला सुखरूप गेलं असतं. खिडकी मेली असती.

म्हणून दुसऱ्या खेपेच्या वेळी पुठ्ठ्याला हात लावायच्या आधी प्रत्येक नगाला एकच प्रश्न विचारला: हा कशानं मरेल? खेपेत १९ नग होते. १८०० बाय १५०० च्या आठ सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्या, ज्यांना बाजारात डोमल म्हणतात, ५ मिलिमीटर टफन काचेच्या. चार फिक्स, म्हणजे न उघडणाऱ्या, यूपीव्हीसी, डबल ग्लास. सहा बाथरूमच्या छोट्या टॉप हंग, म्हणजे वरच्या कडेला बिजागरी असलेल्या, खिडक्या. आणि एक कमानीची, जी बघून मी मनातल्या मनात आर्किटेक्टला नमस्कार केला.

सरकती खिडकी आपल्याच शटरच्या धक्क्यानं मरते. लॉक लावलं तरी शटर ट्रॅकमध्ये दोन-तीन मिलिमीटर खेळतंच, आणि शंभर किलोमीटरचे धक्के तो खेळ वाढवत नेतात. तेव्हा शटर काढून घ्यायचं. डबल ग्लास आपल्या वजनानं मरते. तिला आधार दोन्ही काचांखाली पाहिजे, म्हणून ती चौकटीतून काढायची. यूपीव्हीसी चौकट पिळ बसला की वेल्डवर मरते, आणि पिळ बसतो तो दोन माणसांनी समोरासमोरचे कोपरे धरून उचलल्यावर. टफन काच सपाट अंगावर ठोसा सहन करते, साध्या काचेच्या चार-पाच पट. पण कडेवर कठीण टोक आपटलं तरी जाऊ शकते. कमानीला वर कोपराच नाही, त्यामुळं तिला कोपऱ्याचे गार्ड लागत नाहीत आणि ती कशावरही नीट टेकत नाही. बाथरूमच्या खिडक्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही: दोन-दोन समोरासमोर, मध्ये फोम, बाहेर पुठ्ठा, झालं.

इथं एक प्रश्न आला जो पॅकिंगचा वाटत नव्हता. शटर वेगळी, डबल ग्लास चौकटीपासून वेगळी, मग बिलावर काय लिहायचं? अकाउंटंटचं म्हणणं, काच वेगळी जातेय तर काच म्हणूनच दाखवू. सुट्या टफन काचेचा कोड ७००७, डबल ग्लास युनिटचा ७००८. पण वर्गीकरणाच्या अर्थ लावण्याच्या नियमांतला २(अ) सांगतो की सुटी करून पाठवलेली वस्तू पूर्ण वस्तूच्याच वर्गात बसते. चौकट, तिचीच काच, तिचंच बीडिंग, म्हणजे काच अडकवणारी पट्टी, एकाच बिलावर एकाच गाडीत जात असेल तर ती खिडकीच. ॲल्युमिनियमची ७६१०, यूपीव्हीसीची ३९२५. बदली म्हणून जास्तीच्या दोन टफन काचा सोबत दिल्या होत्या, त्या मात्र ७००७. जीएसटी सगळ्यांवर १८ टक्केच पडतो म्हणून लोक या भेदाकडं काणाडोळा करतात. कर चुकत नाही, हे खरं. पण उद्या नुकसान झालं आणि बिल म्हणतंय ॲल्युमिनियम, बिल्टी म्हणतेय फ्रेम आणि दावा आहे यूपीव्हीसीतल्या डबल ग्लासचा, तर विम्याचा सर्व्हेअर पहिल्या पानावरच थांबतो. पहिल्या खेपेतल्या यूपीव्हीसी खिडक्या ७६१० मध्ये घालून मालकानं स्वतःच्याच दाव्याखालची जमीन काढून घेतली होती.

गाडी

मालकाचा पहिला विचार होता, सगळ्याला लाकडी क्रेट करू आणि पुन्हा पार्ट लोडनं पाठवू. लाकूड, मजुरी आणि क्रेटमुळं वाढणारं आकारमानाचं भाडं, तिन्हीची बेरीज केली तेव्हा आकडा पूर्ण गाडीच्या भाड्याच्या वर गेला. तिथं तो विचार संपला.

मग दुसरा विचार: पूर्ण गाडीच करायची तर १४ फुटी आयशर, ऐसपैस. याला मी विरोध केला. सगळा माल स्टँडसकट टनाच्या आसपास भरत होता. चार टनांसाठी बनवलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांवर एक टन ठेवला की गाडी रिकामी असल्यासारखी उडते. खड्ड्यातला सगळा झटका मालाला मिळतो. तोच एक टन पिकअपवर ठेवला की पाटे दबतात आणि झटका तेच खातात. जागेचा प्रश्न नव्हता, डबल ग्लास चौकटीतून काढल्यामुळं उंचीही कमी झाली होती. पिकअप ठरली. काच नेताना मोठी गाडी म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज मला जागोजागी भेटतो.

शिरोलीत वेल्डर शोधावा लागत नाही. अँगलचा दोन्ही बाजूंनी उतरता स्टँड दुपारपर्यंत तयार झाला. उतार पाच-सहा अंशांचा, म्हणजे काच उभीच, पण कुठं पडायचं ते ठरलेली. तळाच्या अँगलवर आणि पाठीवर जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर. स्टँड गाडीच्या लांबीला समांतर, केबिनच्या मागच्या भिंतीला भिडवून. समांतर का, तर ब्रेक लागला की जोर काचेच्या पातळीत, कडेच्या दिशेनं जातो. आडवा लावला असता तर तोच जोर काचेला वाकवत गेला असता. माल बांधताना कडक ब्रेकसाठी मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढं येईल असं धरतात. आठशे किलोला साडेसहाशे किलोचा धक्का. स्टँड केबिनला न भिडवता मध्ये अर्धा फूट जागा सोडली असती तर त्या जागेतच सगळा खेळ झाला असता. मागच्या चाकांच्या पलीकडं जो भाग लोंबतो तिथं झटका सगळ्यात जास्त, म्हणून तिथं काच नाही. तिथं बाथरूमच्या खिडक्या, बीडिंगचे गठ्ठे आणि हार्डवेअरची खोकी.

डबल ग्लास स्टँडला सगळ्यात जवळ, दोन्ही बाजूंना दोन-दोन, लांब कडेवर. प्रत्येकाच्या खाली लांबीच्या चौथाईवर दोन कडक रबराचे ठोकळे, युनिटच्या पूर्ण जाडीपेक्षा रुंद, म्हणजे दोन्ही काचा एकाच ठोकळ्यावर टेकतील. मध्ये फोमची शीट. त्यावर शटर, मग रिकाम्या चौकटी, सगळ्यात बाहेर जाळीची शटर. हँडल, लॉक, बाहेर येणारं जे काही असेल ते सगळं काढून खिडकीच्या नंबरच्या पिशवीत. नंबर चौकटीवर, शटरवर आणि पिशवीवर सारखाच, आणि डावं-उजवं लिहिलेलं. हे न लिहिल्यामुळं साइटवर दिवस जातो तो पॅकिंगच्या हिशोबात कुणी धरत नाही. बांधायला दोरीऐवजी रॅचेटचे पट्टे. पट्टा थेट काचेवरून नाही. आधी आडवी लाकडी पट्टी, ती चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंवर टेकलेली, आणि पट्टा त्या पट्टीवर. पहिल्या खेपेतलं कोटिंग दोरीनं घासलं होतं, आणि दोरी वाटेत सैल पडते म्हणून ती पहिल्यापासूनच गरजेपेक्षा जास्त आवळतात.

कमानीला स्वतंत्र क्रेट झाला. तिचं बीडिंग वाकवलेलं, काच काढायला गेलो तर बीडिंग परत बसेल याची खात्री नाही, म्हणून ती काचेसकट गेली. प्लायवर तिचा आकार काढून खाच कापली, तिच्यात फोम चिकटवला आणि कमान त्या खाचेत बसवली. सुताराला हे काम मनापासून आवडलं. दीड इंची फळ्यांचं दुःख तो विसरला.

पाऊस हा या खेपेचा वेगळा विषय होता. घरमालकाला मिरगाच्या आत खिडक्या बसवून हव्या होत्या, म्हणजे माल निघणार ऐन वळवाच्या दिवसांत. पुठ्ठा भिजला की त्याची ताकद जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सगळीकडून स्ट्रेच फिल्म गुंडाळली की आतली ओल आतच राहते, हे फारसं कुणी बघत नाही. दोन काचांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर काही दिवस अडकून राहिला की काचेवर पांढुरके डाग पडतात, ते नुसतं पुसून निघत नाहीत. फिल्म वरून आणि बाजूंनी गुंडाळली, खालची कड मोकळी ठेवली, आणि सगळ्यावर ताडपत्री. कुणीतरी पिंजार, म्हणजे भाताचा पेंढा, भरायचं सुचवलं. सुकं पिंजार झटका उत्तम खातं, मातीच्या भांड्यांना त्याच्यासारखं काही नाही. पण ते एकदा भिजलं की दबतं ते दबतंच, आणि कोटिंगवर पिवळा डाग सोडतं.

ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा कागद, लागणारच होतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर किंमत गेली की ते काढावं लागतं, आणि कोल्हापूर-रत्नागिरी १३० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका दिवसाची मुदत. २०० किलोमीटरला एक दिवस. मुद्दा एवढाच की मुदत कमी म्हणून ड्रायव्हरला घाई करायची नाही. वेळेत पोचणार नाही असं दिसलं तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. मलकापूरच्या पुढं महामार्गाच्या चौपदरीकरणामुळं जागोजागी वळणरस्ते होते, खडीचे. ड्रायव्हरला सांगितलं, पहाटे नीघ, घाट उजेडात उतर, आणि आंब्याच्या अलीकडं थांबून पट्टे पुन्हा एकदा आवळ. पट्टे पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये सैल होतात, कारण फोम दबतो.

उतरवण्याचं आधीच ठरवून घेतलं. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कुणी द्यायची यावरून कोल्हापूरच्या गाडीवाल्यांनी किती भांडणं केली आहेत ते इथल्या कुणालाही विचारा. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा उगाच नाही आली. हमाल ड्रायव्हरनं बघायचा असं ठरलं की तो नाक्यावर जो भेटेल त्याला घेतो. ऑर्डरच्या कागदावरच लिहून घेतलं की उतरवायला चार माणसं साइटवाला देईल आणि वरची देखरेख फॅब्रिकेटरच्या बसवणाऱ्यांची असेल. तशीही ती माणसं दुसऱ्या दिवशी खिडक्या बसवायला जाणारच होती. एक दिवस आधी गेली, इतकंच.

खेप पोचली. एक मच्छरजाळी फाटली होती.

पुन्हा पार्ट लोड

प्रकरण इथं संपलं असतं, पण ऐन पावसात घरमालकानं आणखी दोन फिक्स खिडक्या मागितल्या. दोन खिडक्यांसाठी पूर्ण पिकअप परवडत नाही. आता पार्ट लोडला पर्याय नव्हता, आणि क्रेटलाही.

क्रेट करताना पहिला नियम हमालाच्या पाठीचा. जे नग दोघांना जेमतेम पेलतात ते आपटले जातात. जे पेलतच नाहीत ते पहारीनं सरकवले जातात, आणि सरकवलेला माल सुखरूप राहतो. दोन डबल ग्लास १३२ किलो, दोन रिकाम्या चौकटी ३०, क्रेट ५०: एकूण २१२ किलो. कुणी उचलायचा विचारही करणार नाही. खाली दोन आडवे ओंडके, पहार किंवा पट्टा जाईल एवढी फट ठेवून. आणि वर सपाट झाकणाऐवजी छपरासारखा उतार दिला. ‘वर माल ठेवू नये’ हे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी सपाट दिसेल तिथं माल ठेवला जातो. उतारावर ठेवला तर घसरतो, मग ठेवत नाहीत. बाजूंच्या फळ्यांत मुद्दाम फटी सोडल्या. काच दिसली की हात आपोआप हळू होतो. बंद पेटीवरच्या पेल्याच्या चित्राचा तेवढा धाक नसतो.

क्रेटचं माप २३५ बाय ५० बाय १५० सेंटिमीटर. ट्रान्सपोर्टनं घन सेंटिमीटरला ५००० नं भागून भाडं लावलं, म्हणजे २१२ किलोच्या मालाला ३५२ किलोचं भाडं. मालक वैतागला. पण हा माल घनमीटरला १२० किलो भरतो, तर कास्टिंगची पेटी हजाराच्या वर. गाडीतली जागा विकणाऱ्याला खिडकी परवडायची कशी? अमेरिकेत रस्त्यानं जाणाऱ्या पार्ट लोडचे ५० ते ५०० असे १८ वर्ग आहेत, आणि वर्ग ठरतो चार गोष्टींवर: घनता, रचायला सोपं की अवघड, हाताळायला सोपं की अवघड, आणि नुकसान झालं तर अंगावर किती येईल. नुसत्या घनतेवर आपला हा क्रेट तिथं १२५ च्या वर्गात गेला असता आणि कास्टिंग सगळ्यात स्वस्त अशा ५० मध्ये. आपल्याकडं गोडाऊनच्या भिंतीवर असा तक्ता नसतो, पण कारकून भाव सांगताना मनात हेच चार प्रश्न विचारत असतो. त्याच्याशी भाव करायचा तर त्या चारांपैकी एखाद्याचं उत्तर बदलून दाखवायचं. ‘वर उतार आहे, त्यामुळं यावर काही ठेवता येणार नाही’ हे आम्हाला महाग पडलं. ‘काच जाड आहे, पहारीनं सरकवा, क्रेन नको’ यानं थोडं वसूल झालं.

बिल्टीवर या वेळी मालकानं स्वतः उभं राहून लिहून घेतलं: ‘यूपीव्हीसी खिडक्या, डबल ग्लाससह, लाकडी क्रेट १, उभाच ठेवणे’, बिल नंबर आणि मालाची पूर्ण किंमत. ओनर्स रिस्कच्या शिक्क्यानं वाहतूकदाराची जबाबदारी संपत नाही. १ मार्च २०११ पासून लागू असलेल्या २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणं वाहतूकदार नुकसानीला जबाबदार आहेच. पण त्या जबाबदारीला कमाल मर्यादा आहे, भाड्याच्या दहापट, जर जास्त किंमत जाहीर करून जोखमीचा जास्त दर भरलेला नसेल तर. तो दर या वेळी भरला. शिवाय ट्रान्झिट विमा घेतला, इन्लँड ट्रान्झिटचा ‘अ’ क्लॉज. स्वस्त ‘ब’ मध्ये आग, टक्कर, गाडी उलटणं असे मोजके धोकेच येतात, हमालाच्या हातून आपटलेलं त्यात बसत नाही. ‘अ’ मध्येही अपुरं किंवा अयोग्य पॅकिंग हा अपवाद आहेच. म्हणून क्रेट बंद करायच्या आधी ठोकळ्यांचे, फोमचे, सगळे फोटो काढून ठेवले.

क्रेट पोचला तेव्हा एक फळी तुटलेली होती. पोच पावतीवर ‘फळी तुटली, आतला माल तपासून घेतला’ असं लिहून सही झाली. काच शाबूत होती. डबल ग्लासचं आत्ताच काही म्हणता येत नाही. पावसाळा जाऊ दे.

पहिल्या खेपेचा दावा अजून चालू आहे. त्या वेळी भाडं झालं होतं २,८०० रुपये, म्हणजे कायद्यानं जास्तीत जास्त २८,०००. नुकसान त्याहून बरंच जास्त. कोर्टात जायचं तर बिल्टीच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस जावी लागते. ती स्पीड पोस्टानं गेली आहे आणि पोच मालकाच्या फाइलला आहे. ट्रान्सपोर्टवाला पुढच्या भाड्यांतून १२,००० वळते करून घ्यायला तयार आहे. मालक २८,००० वर अडून आहे, आणि ट्रान्सपोर्टवाल्याचा वकील अजून बिल्टीवरच्या ‘फ्रेम’ या शब्दावर बोट ठेवून आहे.